मॉर्फिनचा पहिला आठवडा

दुखणं थांबवणारी गोळी घरात येते आणि तिसऱ्या दिवशी फडताळात जाऊन पडते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी घरांत हे घडतं. तोंडाच्या नाहीतर स्तनाच्या कॅन्सरचं दुखणं, रात्र रात्र झोप नाही, म्हणून कुणीतरी दिवस मोडून मिरजेला किंवा हुबळीला जातं आणि मॉर्फिनचं पाकीट घेऊन येतं. मग गोळी बंद का केली म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, “बाधली हो. पोटात पाणी ठरेना.” व्यसन लागेल ही भीती लोक बोलून दाखवतात. गोळी प्रत्यक्षात सुटते ती बहुतेक वेळा उलटीमुळे.

वाईट याचं वाटतं, की ही उलटी राहायला आलेली नसते. मॉर्फिन सुरू केल्यावर साधारण तिघांतल्या एकाला मळमळ होते, काहींना उलट्याही होतात, आणि पाच-सात, फार तर दहा दिवसांत शरीराला औषधाची सवय होऊन ती ओसरते. दुखणं मात्र आपोआप ओसरत नाही. म्हणजे सांभाळायचा असतो तो पहिला आठवडा, आणि पुढे डोस वाढवला की त्यानंतरचे दोन-चार दिवस. एवढं आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशीची उलटी बघून घरचे घाबरतात. त्यांचं काय चुकलं? पाकिटावर तर काहीच लिहिलेलं नसतं.

मॉर्फिन कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली ते येतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर परवानग्यांची गुंतागुंत कमी झाली, तरी ते मुख्यतः मान्यताप्राप्त दवाखान्यांतूनच मिळतं. त्यामुळे निपाणीचा पेशंट मिरजेहून पंधरा दिवसांच्या किंवा महिन्याच्या गोळ्या एकदम आणतो आणि मध्ये काही अडलं तर गावातल्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरने मॉर्फिन क्वचितच हाताळलेलं असतं. म्हणून दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवरून हलण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: उलटीची गोळी लिहिली का, आणि पोट साफ होण्याची लिहिली का? या दोन्ही कुठेही मिळतात, स्वस्त असतात, पण चिठ्ठीवर नसतील तर कुणी देत नाही. हुबळीला सूचना कन्नडमध्ये सांगितल्या जातात, ऐकणारा नातू असतो, गोळ्या देणारी सून असते आणि घेणारी आजी असते. घरी पोचेपर्यंत निम्मं गळून जातं. प्रत्येक पाकिटावर तिथेच पेनने वेळ घालून घ्यावी. वाचता येत नसेल तर सूर्य आणि चंद्र काढून घ्यावेत. डॉक्टरची चिठ्ठी गोळ्यांच्या पाकिटातच राहू द्यावी, प्रवासातही.

आता उलटी का होते? एक कारण असतं तर एकच गोळी पुरली असती. मेंदूच्या बुडाशी, चौथ्या पोकळीच्या तळाला एक छोटी जागा आहे. रक्तात काही विषारी आलंय का, याची चाचपणी तिथे चालते. मॉर्फिन तिथे पोचलं की उलटीची सूचना सुटते. ही मळमळ जेवणाशी बांधलेली नसते. दिवसभर हलकी हलकी चालूच राहते, तोंडाला पाणी सुटतं, उलटी झाली तरी बरं वाटत नाही. दुसरं कारण पोटात आहे. मॉर्फिनने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. अशा वेळी चार घासांत पोट भरल्यासारखं होतं, ढेकर आणि उचक्या येतात, मग सकाळचं खाल्लेलं दुपारी जसंच्या तसं भडभडून पडतं आणि त्यानंतर माणसाला एकदम हलकं वाटतं. तिसऱ्या प्रकारात आडवं पडून राहिलं की काही नसतं, उठून मोरीपर्यंत गेलं की भोवळ येते आणि ओकारी होते. तिथे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा संबंध येतो.

डॉक्टरला नुसतं “उलटी होते” सांगितलं तर तो अंदाजाने गोळी देतो. केव्हा होते, काय पडतं आणि पडल्यावर बरं वाटतं का, एवढं सांगितलं की नेमकी देतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडतात त्याच चौकोनात वेळा लिहाव्यात: मॉर्फिन किती वाजता, उलटी किती वाजता, संडास झाली की नाही. मिरजेचा डॉक्टर फोनवर असो की गावातला समोर, या आठ दिवसांच्या चौकोनांतून त्याला जे कळतं ते अर्ध्या तासाच्या बोलण्यातून कळत नाही.

पहिल्या, म्हणजे दिवसभर चालणाऱ्या मळमळीच्या प्रकारासाठी उपशामक (पॅलिएटिव्ह) सेवेतले, म्हणजे दुखणं हलकं करणारे डॉक्टर हमखास हॅलोपेरिडॉल देतात. मात्रा अगदी छोटी, रात्री अर्धा ते दीड मिलिग्रॅम. इथे घोळ होतो तो निराळाच. घरातलं शिकलेलं पोर मोबाईलवर नाव शोधतं, तिथे स्किझोफ्रेनिया असं येतं आणि घरभर होतं, की आजोबांना वेड्यांची गोळी दिलीय. मानसिक आजारात तीच गोळी कितीतरी पटीने मोठ्या मात्रेत देतात. इथे तिचं काम मेंदूतल्या त्या जागेवरची डोपामिन या रसायनाची खूण अडवणं, एवढंच. ऑलान्झापिनचंही तसंच, रात्री अडीच ते पाच मिलिग्रॅम. लिहून देणाऱ्याने हे एक वाक्य आधी बोलून टाकलं तर गोळी फेकली जात नाही. कंपवाताच्या पेशंटला मात्र हॅलोपेरिडॉल चालत नाही.

पोट तुंबलेल्या प्रकाराला मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास. लोक ती जेवणानंतर, उलटी व्हायला लागल्यावर देतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. जठर पुढे ढकलण्याचं काम घास पोटात जाण्याआधी सुरू व्हावं लागतं. डॉमपेरिडोन १० मिलिग्रॅमचीही वेळ हीच. डॉमपेरिडोनच्या बाबतीत एक छुपा दुप्पट डोस सारखा दिसतो. अ‍ॅसिडिटीसाठी पॅन-डीसारखी कॅप्सूल आधीच चालू असते आणि तिच्यात ३० मिलिग्रॅम डॉमपेरिडोन असतं. वरून तीन गोळ्या दिल्या की ६० झाले. दिवसाला ३० च्या वर जाऊ नये, हृदयाचा आजार असेल तर मुळात विचारूनच घ्यावी, कारण ती हृदयाचे ठोके बिघडवू शकते. आणि पोटात कळा येताहेत, पोट फुगलंय, वारा सरत नाही, अशा वेळी आतडं पुढे ढकलणारी कुठलीच गोळी देऊ नये. बंद नळीत जोर लावल्यासारखं होतं ते.

मेटोक्लोप्रामाइडचा एक परिणाम या भागात औषधाच्या खात्यावर क्वचितच लिहिला जातो. इंजेक्शन किंवा दोन-चार गोळ्यांनंतर मान एकाएकी एका बाजूला वळते आणि तिथेच ताठ राहते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. तरुण मुलामुलींत हे जास्त. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं ऐकू येतं, पण मान सरळ करता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं बाहेरचं काहीतरी झालं. मग लिंबू उतरवलं जातं, देवर्षाला बोलावणं जातं. खरं तर दवाखान्यात प्रोमेथाझिनसारखं एक इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात मान सुटते. ज्याला एकदा असं झालं त्याच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावं आणि ती गोळी पुन्हा देऊ नये.

मेडिकलमध्ये उलटीचं काही मागितलं की हातात पहिली पडते ती ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम. किमोथेरपीच्या उलटीवर ते फार चांगलं. मॉर्फिनच्या उलटीवरही चालतं, पण पहिली निवड ते असू नये, कारण ते पोट बांधतं. मॉर्फिनने आतडं आधीच मंदावलेलं, त्यात हे. दोन दिवस उलटी थांबते, सगळे खूश. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट टम्म, भूक मेलेली, मळमळ दुप्पट. मग आणखी ऑन्डान्सेट्रॉन. साठलेल्या मळामुळे होणारी उलटी उलटीच्या गोळीने थांबत नाही, हे डॉक्टर किंवा नर्स गुदद्वारात बोट घालून बघेपर्यंत कळत नाही. कधी कधी तर पातळ पाण्यासारखं थोडं थोडं गळत असतं. घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवण्याची गोळी देतात. तो घट्ट गोळ्याच्या कडेने झिरपलेला मळ असतो.

म्हणून पोट साफ करणारं औषध मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून. मळमळीची सवय होते, बद्धकोष्ठाची होत नाही. मॉर्फिन चालू आहे तोवर हेही चालू. बिसाकोडिल ५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री, किंवा सेन्ना (सोनामुखी), जोडीला लॅक्टुलोज १५ ते ३० मिलिलिटर. बिसाकोडिलची गोळी चावून किंवा दुधाबरोबर घेऊ नये, वरचं आवरण पोटातच फुटतं आणि कळा येतात. इसबगोलावर आपल्याकडे फार भरवसा. धडधाकट माणसाला ते ठीक आहे. जो दिवसाला तीन-चार पेलेच पाणी पितो आणि ज्याचं आतडं मॉर्फिनने सुस्तावलंय, त्याच्या पोटात त्याचा चिकट लगदा होऊन बसतो. इथे नकोच. तीन दिवस संडास नाही झाली तर थांबू नये, बिसाकोडिलची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) किंवा एनिमा लागतो. पोट फुगून कळा येत असतील तर मात्र तेही डॉक्टरने बघितल्यावरच.

हलल्यावर होणारी उलटी या भागात एस.टी.ने ठरते. तपासणीला जायचं म्हणजे चांगलं अंतर, वर खानापूरकडचे आतले रस्ते. लोक बस लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिन देतात. ती चालते, सिनारिझिनही चालतं, पण दोन्हींनी गुंगी येते आणि मॉर्फिनची गुंगी असतेच. पहिल्या आठवड्यात मॉर्फिनबरोबर यांतली एखादी देताना एक जण शेजारी बसलेला हवा. पुढची सीट, मान टेकवलेली, नजर लांब, मोबाईल नाही. मॉर्फिनची नेहमीची वेळ प्रवासासाठी चुकवू नये. उलटीपेक्षा धक्क्यांनी उसळलेलं दुखणं जास्त छळतं, आणि दुखण्यानेही मळमळतंच.

ट्रॅमाडॉल या मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाबद्दल थोडंसंच. गुडघा, मणका, ऑपरेशननंतरचं दुखणं, सगळ्याला हल्ली तेच लिहितात, आणि मळमळीच्या बाबतीत ते मॉर्फिनपेक्षा सौम्य आहे असं कुणी समजू नये. पहिल्याच दिवशी ५० मिलिग्रॅम तीनदा देण्यापेक्षा पहिले दोन दिवस फक्त रात्री, खाऊन झाल्यावर एक, मग हळूहळू वाढ, असं केलं तर बरीचशी उलटी टळते. इंजेक्शन भसकन दिलं की सुई निघायच्या आत ओकारी येते. ते दोन-तीन मिनिटं घेऊन किंवा सलाईनमधून सावकाश द्यावं. त्यावर ऑन्डान्सेट्रॉन दिलं तर ट्रॅमाडॉलचा दुखण्यावरचा गुण कमी होऊ शकतो, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ट्रॅमाडॉल धोक्याचं ठरतं. चालू औषधांची यादी दाखवल्याशिवाय ते घेऊ नये.

मोठ्या माणसाला मॉर्फिन बहुधा ५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं, दर चार तासांनी. म्हातारा, अशक्त किंवा किडनी कमजोर असेल तर अडीच. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. रात्री दहाला डॉक्टर दुप्पट देतात, म्हणजे दोन वाजता उठवावं लागत नाही. उलटी झाली म्हणून वेळा लांबवल्या, की दुखणं वर येतं, मग घाबरून दोन गोळ्या एकदम दिल्या जातात, त्याने आणखी उलटी. ठरलेली लहान मात्रा ठरलेल्या वेळीच पोटात गेली पाहिजे. गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली आणि गोळी त्यात दिसली तर डॉक्टरला विचारून पुन्हा देता येते. दिसली नाही किंवा तास उलटून गेला असेल तर पुढच्या वेळेपर्यंत थांबावं, पुढच्या वेळी भरपाई म्हणून जास्त देऊ नये. औषध सावकाश सोडणारी बारा तासांची गोळी असेल तर ती तोडायची, कुटायची नाही. तोडली तर सगळं औषध एकदम सुटतं.

आणि काही आठवडे घेतल्यानंतर उलटी होते म्हणून मॉर्फिन अचानक बंद केलं, तर घाम, नाक वाहणं, जुलाब, पोटात मुरडा आणि पुन्हा उलटीच. कमी करायचं तर टप्प्याटप्प्याने, सांगितल्याप्रमाणे.

स्वयंपाकघराकडे यायचं तर पहिला नेम वासाचा. लसणाची फोडणी, मिरचीचा खाट, मसाला भाजणं, हे पेशंटच्या खोलीपासून लांब, दार लावून. निपाणीकडे घरात किंवा शेजारी तंबाखूची पोती असतील तर त्या वासाचंही हेच. उदबत्ती आणि फिनेलने मळमळ वाढते, लोक नेमकं तेच वापरतात. गरम अन्नाला वास जास्त, म्हणून कोमट किंवा गार द्यावं: दहीभात, नाचण्याची आंबील, भाताची पेज, कोकमाचं सरबत, आल्याचा कीस आणि मीठ लावलेली लिंबाची फोड. ताटलीऐवजी वाटी, दर दोन तासांनी. तिखट रस्सा, तळलेलं, साजूक तुपाचा शिरा हे जठरात जास्त वेळ पडून राहतं. पाणी जेवताना घटाघट न पिता मधल्या वेळात घोट घोट. जेवून अर्धा-पाऊण तास टेकून बसणं, लगेच आडवं नाही. मिश्री लावणाऱ्या बायकांनी त्या आठवड्यात तरी ती सकाळी उपाशीपोटी लावू नये. निकोटिनही उलटीच आणतं, आणि मग दोष मॉर्फिनला जातो.

भेटायला येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कुंद्याचा डबा उघडून “एवढा तरी खा” म्हणणारा पाहुणा प्रेमानेच आलेला असतो. त्याला चहा देऊन बाहेरच्या खोलीत बसवावं.

नाकातून नळी असेल तर तोंडाच्या कॅन्सरवाल्यांना एका वेळी पातेलंभर पेज ओतायची नाही. मॉर्फिनवर जठर हळू रिकामं होतं, म्हणून शंभर ते दीडशे मिलिलिटर, सावकाश, डोकं उंच ठेवून. साधी चार तासांची गोळी बारीक करून पाण्यात देता येते, आधी आणि नंतर २०-३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवायची.

महिनाभर सगळं सुरळीत चाललंय आणि मग उलटी नव्याने सुरू झाली, तर मॉर्फिनवर बोट ठेवून मोकळं होऊ नये. अथणीकडच्या एप्रिल-मेमध्ये असं होतं: माणूस पाणी कमी पितो, लघवी कमी होते, किडनी मंदावते. मॉर्फिनचे तुकडे शरीरात होतात ते किडनीवाटेच बाहेर जातात. ते साठले की तोच जुना डोस जास्त झाल्यासारखा वागतो. गुंगी, झोपेत हातपाय झटके देतात, उलटी, आणि उलटीने पाणी आणखी कमी. त्यात अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चालू असतील तर किडनी आणखी बसते. अशा वेळी क्रिएटिनिनची तपासणी, सलाईन आणि मॉर्फिनची मात्रा किंवा औषधच बदलणं लागतं. फार तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ आणि बरळणं एकत्र असेल तर रक्तातलं कॅल्शियम बघावं, काही कॅन्सरमध्ये ते वाढतं. पहाटे डोकं दुखून होणारी उलटी मेंदूतल्या दाबाची असू शकते. हिरवी उलटी आणि वारा बंद म्हणजे आतडं अडलेलं. कॉफीच्या चोथ्यासारखी म्हणजे आत रक्तस्राव. यांतलं काहीही असलं तर घरी गोळ्या बदलत बसू नये. हलवूनही माणूस जागा होत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, श्वास मिनिटाला आठाच्या खाली आलाय, तर मॉर्फिनचा पुढचा डोस थांबवून तडक दवाखाना गाठावा.

दिवसभर पाण्याचा घोटही ठरत नसेल तर तोंडाने गोळ्या कोंबण्यात अर्थ नाही. कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई ठेवून हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रामाइड आणि मॉर्फिनही देता येतं. मॉर्फिनची मात्रा तोंडावाटेच्या निम्मी ते एक तृतीयांश लागते, तोंडावाटे देतात तेवढीच दिली तर जास्त होईल. फेंटानिल या मॉर्फिनच्याच जातीच्या औषधाचा कातडीवर चिकटवायचा पॅच हा दुसरा मार्ग, पण तो लावल्यावर गुण यायला बारा ते चोवीस तास जातात, आणि आधी मॉर्फिन न घेतलेल्या माणसाला तो एकदम लावत नाहीत. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा तो उन्हात तापला तर औषध जास्त शोषलं जातं.

आठ-दहा दिवस उलटी नसेल तर उलटीची गोळी डॉक्टरला विचारून बंद करून बघावी. मेटोक्लोप्रामाइड तर महिनोन्‌महिने चालूच ठेवू नये, तोंडाला, जिभेला, हातापायांना नको त्या हालचाली जडतात. एकेक गोळी कमी करायची, दोन दिवस वाट बघायची, मळमळ परतली तर पुन्हा सुरू. मॉर्फिनचा डोस वाढवायच्या दिवशी आठवडाभर पुरेल एवढी उलटीची गोळी पुन्हा हाताशी ठेवायची. बिसाकोडिल आणि लॅक्टुलोज मात्र याच्याबरोबर बंद करायचं नाही.